देवदाराचे तेल : परंपरा आणि पारख

देवदार हे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. फळांची आणि यंत्रांच्या सुट्या भागांची लाकडी खोकी आपल्याकडे ‘देवदारी’ म्हणूनच ओळखली जातात. प्रत्यक्षात ती बहुधा चीड किंवा परदेशी पाइनच्या हलक्या लाकडाची असतात. खऱ्या देवदाराचे मूल्यवान, सुगंधी लाकूड खोक्यांसाठी परवडणारेही नाही. नावाचा हाच घोळ आता तेलाच्या बाटलीपर्यंत पोहोचला आहे. निद्रानाश, केसगळती, सांधेदुखी, मानसिक ताण अशा नाना तक्रारींवर देवदाराचे तेल सुचवले जाते. मात्र बाटलीतील तेल कोणत्या झाडाचे आणि सांगितलेला गुण कोणत्या तेलाचा, याची चौकशी क्वचितच होते.

हिमालयातील वृक्षराज

देवदार (शास्त्रीय नाव ‘सीड्रस देवदारा’) हा पाइनच्या कुळातील सूचिपर्णी, सदाहरित वृक्ष आहे. पश्चिम हिमालयात साधारणपणे दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर त्याची वने आढळतात. पूर्ण वाढलेला वृक्ष चाळीस-पन्नास मीटरपर्यंत जातो. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष, तर पाकिस्तानचा राष्ट्रीय वृक्ष आहे. ‘देवाचे दारू’ म्हणजे देवाचे लाकूड, हा त्याच्या नावाचा अर्थ. सुरदारू, भद्रदारू, अमरदारू हे त्याचे संस्कृत पर्यायही त्याच आदराचे द्योतक आहेत. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त तर शंकराने पुत्र मानलेल्या आणि पार्वतीने वाढवलेल्या देवदाराच्या रक्षणासाठी एक सिंह नेमलेला दिसतो.

हे लाकूड वाळवी आणि कुजणे यांना सहजासहजी बळी पडत नाही. मनालीचे १५५३ मध्ये बांधलेले हिडिंबा मंदिर आणि श्रीनगरच्या जामा मशिदीचे तीनशेहून अधिक खांब ही त्याच्या टिकाऊपणाची साक्ष आहे. ब्रिटिश काळात उत्तरेकडील रेल्वेच्या स्लीपरांसाठी देवदाराची प्रचंड तोड झाली आणि ओंडके नद्यांच्या प्रवाहात सोडून मैदानापर्यंत आणले गेले. लाकडाला टिकवणारे तैलयुक्त द्रव्य हेच देवदाराच्या तेलाचे मूळ होय.

तेल कसे काढतात?

हे तेल पानांतून किंवा फळांतून नव्हे, तर खोडाच्या गाभ्यातून, बुंध्यातून व मुळांतून मिळते. लाकडाचे बारीक तुकडे किंवा भुसा करून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर निघालेले तेल थंड करून पाण्यावेगळे केले जाते. शंभर किलो लाकडातून साधारणपणे दोन-तीन किलो तेल हाती येते. ते पिवळसर ते तपकिरी, किंचित दाट आणि गोडसर, धुरकट वासाचे असते.

पहाडी भागात याहून जुनी पद्धत होती. बंद भांड्यात लाकूड तापवून काळसर, डांबरासारखे तेल गाळले जाई. ‘केलोन का तेल’ या नावाने ओळखले जाणारे हे तेल गुराढोरांच्या खरजेवर लावत. नदी ओलांडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फुगवलेल्या पखालींनाही ते चोळत. आज सुगंधासाठी विकले जाणारे ऊर्ध्वपातित तेल याहून वेगळे आहे.

आयुर्वेदातील स्थान

आयुर्वेदाने देवदार तिक्त रसाचा, उष्ण वीर्याचा आणि कफ-वातशामक मानला आहे. चरकसंहितेत त्याची गणना स्तन्यशोधन द्रव्यांत होते. बाळंतिणीला देवदार्वादि काढा देण्याची परंपरा आहे. संधिवातावरील रास्नासप्तक काढ्यातही देवदार आहे. सूज, दुखणे, खोकला, त्वचाविकार अशा तक्रारींवरही त्याची योजना होते.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवला पाहिजे. या काढ्यांमध्ये देवदाराचे लाकूड पाण्यात उकळले जाते. वाफेने काढलेले तेल हा त्या लाकडातील बाष्पनशील भागाचा तीव्र अर्क असतो. काढ्याचे प्रमाण तेलाला लागू पडत नाही. ग्रंथात देवदार पोटात घेण्यास सांगितला आहे, म्हणून त्याचे तेल पिणे हा धोकादायक गैरसमज आहे.

प्रयोगशाळेतील देवदार

देवदाराच्या तेलाचे रसायन उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९६०च्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलातील प्रमुख घटकांची रचना निश्चित केली. ‘हिमाचलीन’ आणि ‘हिमाचलॉल’ ही त्या घटकांची नावे हिमाचलाचे स्मरण करून देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील अभ्यासात हिमाचलॉल स्नायूंचे आकुंचन सैल करत असल्याचे दिसून आले. मुंबईच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीतील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या तेलाने उंदरांमधील सूज व वेदना कमी झाल्याचे नोंदवले. मेंढ्यांच्या खरजेवरील चाचण्यांतही ते उपयुक्त ठरले.

परंपरेला बळ देणारे हे निष्कर्ष आहेत. मात्र ते प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. माणसांची सांधेदुखी या तेलाने बरी होते, असा दावा त्यांच्या आधारे करता येत नाही.

नाव एक, झाडे तीन

इंग्रजीत ‘सीडरवुड ऑइल’ या एकाच नावाखाली किमान तीन झाडांची तेले विकली जातात. पहिले हिमालयातील देवदाराचे. दुसरे मोरोक्को व अल्जीरियातील अ‍ॅटलास सीडरचे (‘सीड्रस अटलांटिका’). हे देवदाराचे सख्खे भावंड असून दोन्ही तेलांत हिमाचलीन हा मुख्य घटक असतो. तिसरे अमेरिकेतील ‘व्हर्जिनिया सीडर’चे. हा खरे तर सीडर नसून जुनिपर (‘जुनिपेरस व्हर्जिनियाना’) आहे. एकेकाळी शिसपेन्सिली त्याच्याच लाकडाच्या होत. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली घालायचे, विज्ञान शाखेच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवणारे सीडरवुड तेलही मुख्यतः त्याचेच.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रापुरता नाही. ‘सीडरवुडने शांत झोप लागते’ या प्रचाराला मुख्य आधार ‘सेड्रॉल’ या घटकावरील, जपानी संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा आहे. सेड्रॉल जुनिपरच्या तेलात भरपूर असते, देवदाराच्या तेलात मात्र अगदी अल्प. केसांचीही गोष्ट अशीच. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ८६ रुग्णांवरील सात महिन्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुगंधी तेलांनी मालिश केलेल्या गटात ४४ टक्के, तर केवळ साध्या तेलाच्या गटात १५ टक्के रुग्णांना गुण आला. परंतु ते चार तेलांचे मिश्रण होते, त्यातील सीडर अ‍ॅटलासचा होता आणि रोग होता चाई. नेहमीच्या केसगळतीशी त्या चाचणीचा संबंध नाही.

वापर आणि दक्षता

असे असले तरी या तेलाचे साधे, सुखद उपयोग आहेत. थकल्या अंगाला मालिश करण्यासाठी ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दहा-बारा थेंब पुरतात. खोलीत सुगंध दरवळावा म्हणून दिव्यावर ठेवलेल्या पाण्यात दोन-तीन थेंब टाकता येतात. लोकरी कपड्यांच्या कपाटात तेलाचा बोळा ठेवल्यास कसर दूर राहण्यास मदत होते. मात्र बोळा कपड्यांना लागल्यास डाग पडतो, कसरीची अंडी त्याने मरत नाहीत आणि वास ओसरला की बोळा बदलावा लागतो.

तेल पोटात घेऊ नये. त्वचेवर निव्वळ लावू नये. प्रथम हाताच्या आतल्या बाजूस मिश्रण लावून एक दिवस वाट पाहावी. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि दम्याचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते वापरू नये. ज्वालाग्राही असल्याने बाटली आचेपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. दुखणे, निद्रानाश किंवा केसगळती टिकून राहिल्यास तेल बदलत न बसता डॉक्टरांकडे जावे.

खरेदी करताना किमतीआधी बाटलीवरचे शास्त्रीय नाव वाचावे. ते छापलेलेच नसेल, तर ती बाटली न घेणे उत्तम. गाभ्यातील तेलासाठी जुना वृक्ष लागतो आणि तो वाढायला कित्येक दशके जातात. अ‍ॅटलास सीडरची २०१३ मध्ये धोक्यात आलेल्या प्रजातींत नोंद झाली आहे. देवदारावर तशी वेळ आलेली नाही. ती येऊ नये यासाठी तोडीनंतर उरलेले बुंधे, मुळे व भुसा यांपासून काढलेले तेल निवडणे आणि ते थेंबांनीच वापरणे श्रेयस्कर.