मालबंदरातील प्रवेशनियंत्रण

मालबंदर, विमानतळावरील मालतळ किंवा कंटेनर गोदाम यांच्या बंदिस्त हद्दीत कोणी, कोणत्या कामासाठी, कुठपर्यंत आणि कोणत्या वाहनासह जायचे, हे ठरवणारी व तपासणारी व्यवस्था. गोदीत या साऱ्याला एकच शब्द आहे : ‘पास’.

मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४; आताचा इंदिरा डॉक) यांची दारे रंगांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली : ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट. यलो गेटचे नाव तर पोलीस ठाण्यालाही मिळाले. या दारांवरचा पहारा मुख्यतः बाहेर पडणाऱ्यावर असे. जकात न भरलेला माल भिंतीपलीकडे जाऊ नये, ही खरी चिंता. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्येही तीच दिसते. कलम ८ प्रमाणे सीमाशुल्क क्षेत्राची हद्द आखली जाते आणि कलम ४५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात आयात माल आहे त्याला तो अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हलवू देता येत नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर पहारेकऱ्याचे तोंड फिरले. आत येणारा माणूस हाच संशयाचा विषय झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या लंडन परिषदेत डिसेंबर २००२ मध्ये जहाजे व बंदरे यांच्यासाठी सुरक्षासंहिता संमत झाली. ती १ जुलै २००४ पासून लागू आहे. व्यवहारात तिला ‘आयएसपीएस’ म्हणतात. प्रत्येक बंदर-सुविधेला स्वतंत्र सुरक्षा-अधिकारी, मंजूर सुरक्षा-आराखडा आणि धोक्याच्या तीन पातळ्या तिने बंधनकारक केल्या. पातळी चढली की त्याच पासवर, त्याच दारातून जाणाऱ्याची झडतीही वाढते.

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर (१९८९) हे या व्यवस्थेचे जवळचे उदाहरण. दारावर पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. निर्यातीचा कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकला ‘फॉर्म १३’ लागतो. तो आधीच भरलेला नसेल तर गाडी रांगेत उभी राहून उपयोग नाही. दाराशी कंटेनरचा क्रमांक पाहतात : चार अक्षरे, सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून लिहिण्यातली चूक बहुधा तिथेच उघडी पडते. मग दरवाजाच्या कडीतले बाटलीच्या आकाराचे सील आणि त्यावरचा क्रमांक. गाडीचा परवाना वेगळा, माणसाचा वेगळा. गाडीला वाट मिळाली म्हणजे क्लीनरलाही मिळाली असे होत नाही. क्लिअरिंग एजंटच्या माणसांची ओळख सीमाशुल्क खात्याच्या कार्डावरून पटते. परीक्षा उत्तीर्ण झालेल्याकडे ‘जी’ कार्ड, मदतनिसाकडे ‘एच’.

हवाई मालतळांवर हे काम नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरोच्या प्रवेशपत्राने होते. ‘कनिष्क’ विमानातील बाँबस्फोटानंतर (२३ जून १९८५, ३२९ मृत्यू) हा ब्यूरो १९८७ मध्ये स्वतंत्र खाते झाला. पत्र देण्यापूर्वी अर्जदाराची पूर्वपीठिका तपासली जाते. त्यावरील अक्षरे धारकाला कोणत्या विभागात मुभा आहे ते सांगतात. बाकी विभागांत तो परकाच.

या कडकपणाचा भार सर्वांत जास्त खलाशांवर पडला, आणि त्याची दखल फार थोडी घेतली गेली. महिनोन्‌महिने पाण्यावर काढलेल्या माणसाला चार तास किनाऱ्यावर उतरायचे, तर धक्क्यापासून दारापर्यंतचे अंतरही परवानगीचे. संहितेच्या प्रास्ताविकात खलाशांच्या किनारा-रजेची आठवण ठेवली आहे, पण धक्क्यावरच्या शिपायाच्या हाती प्रास्ताविक नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००३ च्या १८५ व्या करारानुसार खलाशांना खास ओळखपत्र मिळावे असे ठरले. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०१९ पासून जैवमितीय ओळखपत्रे देणे सुरू केले. कोकणातील कित्येक घरांत ‘शिपी’, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असल्याने हा विषय तिथे कागदापुरता नाही.

भिंत, कुंपण, कॅमेरे यांना वळसा घालणारी वाट बेल्जियममधील अँटवर्पमध्ये दिसली. तिथल्या बंदरात कंटेनर सोडवायला पिन क्रमांक पुरे होता. २०११ पासून अमली पदार्थांच्या टोळ्यांनी हॅकर हाताशी धरून कंपन्यांच्या संगणकांतून कंटेनरची जागा व क्रमांक मिळवले आणि खरा मालक पोचण्याआधी आपला ट्रक रीतसर दारातून आत धाडला. हा प्रकार २०१३ मध्ये उघडकीस आला. पुढे क्रमांक विकणारे आतले कर्मचारीही सापडत गेले. शेजारच्या नेदरलँड्समध्ये बंदराच्या बंदिस्त भागात विनाकारण सापडणे हाच १ जानेवारी २०२२ पासून तुरुंगवासाचा गुन्हा झाला. त्याआधी अंगावर माल न सापडलेल्या, कंटेनरमधून कोकेन काढायला घुसलेल्या तरुणांना किरकोळ दंडावर सोडावे लागे. अँटवर्पने पिनऐवजी, कंटेनर उचलण्याचा हक्क कंपनीकडून वाहतूकदाराकडे नावानिशी सोपवण्याची पद्धत आणली.