मुकाट सोसण्याचा इतिहास

नेसरीच्या खिंडीत फेब्रुवारी १६७४ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. खानाला सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांनी ठेवलेला ठपका त्यांच्या जिव्हारी लागला होता, असे परंपरा सांगते. प्रतापरावांना आमच्याकडे कोणी मनाने कच्चे म्हणत नाही. मात्र चौदा वर्षांचे पोर वर्गातल्या अपमानाने गप्प झाले, जेवेनासे झाले, की ‘आजकालची पोरं मनानं कच्ची’ हा शेरा ठरलेला. ह्या शेऱ्याचा समाचार इतिहासाच्या आधारेच घेतला पाहिजे.

शाळकरी मुलांचे नैराश्य ही मोबाईलच्या युगाची देणगी आहे, असे सर्रास सांगितले जाते. आपल्या समाजापुरते तरी ते खरे नाही. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा तिचे वय सुमारे चौदा. वरच्या जातीच्या पोरांनी दगड मारून रक्त काढले तरी आमची मुले तक्रार करीत नाहीत. कारण उष्टे अन्न मागायला पुन्हा त्याच दारात जायचे असते, असे ती सांगते. मुकाट सोसणे हा मुलाचा स्वभाव नव्हता. भुकेने आणि भीतीने त्याला लावलेली ती शिस्त होती.

पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत होता. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. शिपायाने नळ सोडला तर पाणी; शिपाई नसेल तर तहान. अशा वर्गात मूल पाढ्यांबरोबर आणखी एक धडा गिरवते: आपल्यातच काहीतरी उणे आहे. त्यालाच आपण पुढे न्यूनगंड असे शास्त्रीय नाव दिले आणि दोष मुलाच्या माथी मारला.

ह्या दुखण्याचे मूळ शाळेच्या रचनेत आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांत राजर्षी शाहू अग्रभागी होते. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१९ मध्ये करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम झाला. वेगळी शाळा कृष्णवर्णीय मुलांच्या मनात कनिष्ठतेची भावना रुजवते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते १९५४ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

गोणपाट गेले. पण शिष्यवृत्तीच्या यादीसाठी सर्वांसमोर उभे राहणे, आडनाव ऐकताच बदलणारी नजर, ‘तुम्हांला काय, सवलत आहे’ हा टोमणा, हे सारे गेलेले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. ह्या वयातले नैराश्य नेहमी रडत येत नाही. ते चिडचिड होऊन येते, डोकेदुखी-पोटदुखी होऊन येते, गैरहजेरी होऊन येते. शिक्षक त्याला आळस म्हणतो आणि बाप माज म्हणतो.

येथे आपण स्वतःलाही सोडता कामा नये. मी घरातला पहिला पदवीधर. माझ्यासारख्यांनीच पोरांना बजावले, ‘बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुला काय धाड भरलीय?’ एका लेकराच्या दहावीच्या टक्क्यांवर आपण साऱ्या घराण्याची मुक्ती टांगली. ‘शिका’ हा मुक्तीचा मंत्र होता. आपण त्याचा चाबूक केला. थकलेल्या मुलासाठी चळवळीच्या शब्दकोशात शब्दच ठेवला नाही.

बाबासाहेबांनी मात्र आपल्या बालपणीचे घाव लपवले नाहीत. पुढे ते स्वतः लिहून ठेवले. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले. पण ही माणसे बोलली ती मोठेपणी, दोन-तीन दशके आत जळल्यावर. मुक्ता चौदाव्या वर्षी बोलली. कारण तिच्या शाळेने तिच्या हाती लेखणी दिली आणि तिचे ऐकून घेतले.

२५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. आपापल्या गावच्या शाळेत तो आहे का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. परंतु समुपदेशकाने मुलाला ‘तुला काय झाले?’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘तुला कोण काय बोलले?’ हेही विचारावे लागेल. आणि घरी आल्यावर आपण गुण विचारण्याआधी ‘जेवलास का, झोप लागते का?’ असे विचारले पाहिजे. मुकाट सोसण्याचा हा इतिहास आपल्या पिढीपाशीच थांबला पाहिजे.