दूरदर्शन केंद्र, नागपूर (वऱ्हाडच्या संदर्भात)

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन सुरू झाले व पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यासही दिसू लागले. परंतु वऱ्हाडातील अमरावती व अकोला हे जिल्हे त्या लहरींच्या कक्षेबाहेरच राहिले. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर वऱ्हाडापर्यंत पोहोचणे भूगोलदृष्ट्या अशक्य होते, आणि म्हणून या मुलुखाच्या दूरचित्रवाणीची कथा आरंभापासूनच आकाशाशी, म्हणजे उपग्रहाशी, निगडित आहे. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१अ हा उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मधील इन्सॅट-१ब मात्र टिकला. ग्रामीण प्रेक्षकांसाठी उपग्रहाद्वारे कार्यक्रम देण्याच्या योजनेत जी सहा राज्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्र होता व त्याच्या वाट्याचे केंद्र नागपुरास आले. शेती, आरोग्य व शिक्षण हे योजनेचे मुख्य विषय. सार्वजनिक संचाभोवती गाव गोळा व्हावे, ही अपेक्षा.

अमरावती व अकोला येथे स्वतंत्र निर्मितिकेंद्र न होता केवळ लघुशक्तीचे प्रक्षेपक आले, ज्यांची मजल शहर व आसपासच्या गावांपुरतीच असे. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ असता कापसाच्या या मुलुखास स्वतःचा स्टुडिओ लाभू नये, ही सरकारदरबारची उदासीनताच म्हणावी लागेल. पुढे केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यांचे नियमन १९९५ च्या कायद्याने होते. देशभरातील बहुतेक जुने भूस्थित प्रक्षेपक २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.