मुलगा की मुलगी : गुणसूत्रांचे साधे गणित

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरातील गंगाखेड नाका परिसरात एका विवाहितेचा जळून मृत्यू झाला. तिसरीही मुलगीच झाली म्हणून पतीने तिला पेटवून दिल्याचा गुन्हा पोलिसांत नोंदविण्यात आला. संत जनाबाईंचे जन्मगाव असलेले गोदाकाठचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे. मुली झाल्याचा दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत मात्र अजून सरलेली नाही. विज्ञानाचा निर्वाळा याविषयी स्पष्ट आहे.

मानवी शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या केंद्रकात डीएनए या रेणूच्या गुंडाळ्या असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. मानवात ती ४६, म्हणजे २३ जोड्या असतात, हे १९५६ मध्ये निश्चित झाले. गुणसूत्रावरील ज्या भागात एखादे प्रथिन तयार करण्याची माहिती साठविलेली असते, तो भाग म्हणजे जनुक. मानवात अशी सुमारे २० हजार जनुके आहेत.

प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून येते. तेविसावी जोडी लिंग ठरविते. स्त्रीमध्ये ती 'एक्स-एक्स', तर पुरुषात 'एक्स-वाय' असते. त्यामुळे स्त्रीबीजात नेहमी 'एक्स'च असते. शुक्राणूत मात्र 'एक्स' किंवा 'वाय' यांपैकी एक असते. 'एक्स' असलेल्या शुक्राणूशी संयोग झाल्यास मुलगी, 'वाय' असलेल्याशी झाल्यास मुलगा होतो. 'वाय'वरील 'एसआरवाय' हे जनुक गर्भात पुरुषी अवयवांची वाढ सुरू करते. त्याचा शोध १९९० मध्ये लागला. क्वचित गुणसूत्रांच्या संख्येत वा रचनेत फरक पडून याला अपवादही घडतात.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. अपत्याचे लिंग आईच्या बीजावर अवलंबून नसते. अर्थात कोणता शुक्राणू पोहोचेल, हे पित्याच्याही हाती नसते. शिवाय लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यामुळे दिवस गेल्यावर 'मुलगा होण्याचे' म्हणून दिले जाणारे कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. आधी दोन मुली असल्या, तरी पुढच्या खेपेस मुलगा होण्याची शक्यता जवळपास निम्मीच राहते.

'वंशाचा दिवा' ही कल्पनाही या कसोटीवर टिकत नाही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकात वडिलांची २३ गुणसूत्रे असतात. उलट वडिलांचे 'एक्स' गुणसूत्र मिळते ते फक्त मुलीला, आणि त्यावर 'वाय'पेक्षा कितीतरी अधिक जनुके असतात.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. कायद्याच्या जोडीला हे साधे गणितही घरोघरी पोहोचणे आवश्यक आहे.