अठ्ठ्याहत्तर मिनिटं आणि अठ्ठेचाळीस आकडे

(सर्व वेळा भारतीय)

५ मार्च २०२४
क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीचं 'फाल्कन' हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून पहारा देतं. त्यात नव्या प्रकारचे नियम लागू होतात. नियमांत रकाने २१, प्रत्यक्ष माहिती येते २० रकान्यांची. एकविसावा रकाना अजून कुणी तपासायला सांगितलेलाच नाही, त्यामुळे चूक दडून राहते.

१९ जुलै, शुक्रवार, सकाळी ९.३९
नवी नियमांची फाइल, क्रमांक २९१, जगभर रवाना होते. ती पहिल्यांदाच एकविसावा रकाना मागते. फाल्कन नसलेली माहिती वाचायला जातं आणि गाभ्यातच कोसळल्यामुळे अख्खं विंडोज सोबत घेऊन पडतं. स्क्रीन निळा. आपल्याकडे कार्यालयं नुकती उघडताहेत, सिडनीत दुपारचे दोन वाजून गेलेत. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र, तिथे बंद करून ठेवलेले लॅपटॉप वाचतात.

१०.५७
कंपनी सदोष फाइल मागे घेते. मधे गेली ७८ मिनिटं. पण पडलेल्या बहुतेक मशीनपर्यंत दुरुस्ती पोहोचतच नाही, कारण नेटवर्क जोडलं जाण्याआधीच ती पुन्हा कोसळतात. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने पडलेली एकूण मशीन ८५ लाख.

दुपार
देशातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास. ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचं सकाळचं प्रक्षेपण बंद पडलेलं.

३.१५
कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ जाहीर करतात की हा सायबर हल्ला नाही. आता उरतं ते हाताचं काम: एकेका मशीनसमोर बसायचं.

संध्याकाळ
दोन-तीनदा सुरू होता होता पडलं की विंडोज स्वतःच बचावाचा पडदा उघडतं. हे एक छोटं, वेगळं विंडोज, मेमरीतून चालणारं. त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. समोर 'एक्स' ड्राइव्ह दिसतो, म्हणजे आपण अजून घराच्या ओट्यावर आहोत, घर 'सी'मध्ये. आत पाऊल टाकण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, किल्ली मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८. एक आकडा चुकला तरी दार उघडत नाही. किल्ली बरोबर पडली की विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक अशी फोल्डरं ओलांडायची आणि 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल काढून टाकायची. रीस्टार्ट. लॉगिनचा पडदा येतो. सगळा डेटा जिथल्या तिथे.

पण काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरच निळा पडलेला. तिथे आधी सर्व्हर उठवायचा, मग किल्ल्या, मग बाकीची मशीन.

२० जुलै
मायक्रोसॉफ्ट पेन ड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं साधन देतं. तरीही पेन ड्राइव्ह प्रत्येक मशीनला हातानेच लावायचा आहे. डेल्टा एअरलाइन्सची घडी बसायला आणखी काही दिवस जातात.

२९ जुलै
सुमारे ९९ टक्के मशीन पूर्ववत.

मशीन सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला, असं समजून घाईने फॉरमॅट मारणारी माणसं मी पाहिली आहेत. कुणाचे पीएचडीचे प्रबंध गेले, कुणाच्या बाळाचे पहिले फोटो. त्या दिवशी लाखो मशीन बाहेरून आत शिरून वाचवता आली, कारण आतलं सगळं शाबूत होतं. अडलं ते किल्लीपाशी. तुमच्या लॅपटॉपचे ते ४८ आकडे शोधा, वहीत उतरवा आणि वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आजच, मशीन सुरू आहे तोवर.