ई-पुस्तकांची देवघेव : अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदाला नुकतीच गाजू लागलेली कादंबरी ई-पुस्तकाच्या रूपात हवी असेल, तर नंबर लावून त्याला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही थांबावे लागते. ज्या वस्तूची नक्कल क्षणात निघते, जिची पाने फाटत नाहीत आणि जी मुदत संपताच आपोआप परत जाते, तिच्यासाठी एवढी रांग लागावी याचे कारण यंत्रणेच्या उणिवेत सापडत नाही. ई-पुस्तक ग्रंथालयाला विकले जात नाही, त्याच्या वापराचा केवळ परवाना दिला जातो, हे त्या रांगेचे मूळ आहे. हा व्यवहार रूढ होऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली असली, तरी तो समजून घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते.

बॉब्स-मेरिल या इंडियानापोलिसच्या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली ‘द कास्टअवे’ ही कादंबरी काढली आणि तिच्या आतील पानावर अशी सूचना छापली, की या पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर असून त्याहून कमी दराने विक्री केल्यास तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती सूचना बाजूला ठेवून पुस्तक ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एकदा प्रत विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही, असा निर्णय १९०८ मध्ये लागला. ‘प्रथम विक्रीचे तत्त्व’ या नावाने ओळखला जाणारा हा नियम पुढे कायद्यातही आला. वाद दुकानदाराचा होता, परंतु त्याचा सर्वांत मोठा लाभ ग्रंथालयांना झाला. ग्रंथपालाने दुकानातून आणलेली प्रत कोणाची परवानगी न घेता आणि प्रत्येक देवघेवीमागे काही न देता बांधणी खिळखिळी होईपर्यंत सभासदांना द्यावी, जिल्द बदलून पुन्हा द्यावी आणि शेवटी जुन्या पुस्तकांच्या विक्रीत काढून टाकावी, हा सारा व्यवहार याच तत्त्वावर उभा राहिला.

ई-पुस्तकांच्या बाबतीत हा आधार सुटला, आणि तो सुटत असताना फारसा गाजावाजा झाला नाही. इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये मुख्यतः कॉपीराइटची मुदत संपलेले ग्रंथ असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवला नव्हता. नव्या, खपाच्या पुस्तकांची देवघेव खऱ्या अर्थाने सुरू झाली ती २००३ मध्ये, क्लीव्हलंड सार्वजनिक ग्रंथालयाने त्याच परिसरातील ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या साहाय्याने ही सेवा उघडली तेव्हा. या पद्धतीत पुस्तकाची फाइल कंपनीच्या सर्व्हरवर राहते, सभासदाच्या यंत्रावर तिची कुलूपबंद प्रत उतरते आणि मुदतीच्या दिवशी ती उघडेनाशी होते. ग्रंथालयाने जितके परवाने घेतले असतील तितक्याच वाचकांना ते पुस्तक एका वेळी मिळते, बाकीच्यांची प्रतीक्षायादी लागते. म्हणजे छापील प्रतीच्या मर्यादा मुद्दाम जपल्या गेल्या, तिच्याबरोबर येणारी मालकी मात्र ग्रंथालयाच्या हाती आली नाही. आरंभी वाचकच थोडे असल्याने या फरकाची झळ लागली नाही. २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र आले, सप्टेंबर २०११ पासून ग्रंथालयाची ई-पुस्तके त्यावर वाचता येऊ लागली, आणि मग मागणी झपाट्याने वाढली.

तिच्याबरोबर प्रकाशकांची धास्तीही वाढली. ग्रंथालयापर्यंत जाणे, पुस्तक हाती नसल्यास परत फिरणे आणि ते वेळेवर परत करणे या खटाटोपामुळे पूर्वी पुष्कळ वाचक पुस्तक विकत घेत. घरबसल्या फुकट मिळू लागल्यावर विकत कोण घेणार, असा त्यांचा सवाल होता. लेखकांचे मानधन विक्रीवर अवलंबून असल्याने तो निराधार म्हणता येत नाही. त्यावर काढलेले उपाय मात्र ग्रंथालयांच्या मुळावर येणारे होते. हार्परकॉलिन्सने मार्च २०११ पासून प्रत्येक परवाना २६ देवघेवींनंतर संपेल असे ठरवले. दोन आठवड्यांची एक देवघेव धरली तर हे वर्षभराचे गणित होते, आणि छापील प्रतही तेवढ्यात झिजते असे गृहीत धरले होते. ओक्लाहोमातील ग्रंथपालांनी या गृहीतकाची जाहीर तपासणी केली. हार्परकॉलिन्सचीच, २६ हून कितीतरी अधिक वेळा सभासदांकडे जाऊन आलेली छापील पुस्तके त्यांनी कॅमेऱ्यासमोर एकेक करून उघडून दाखवली, आणि ती अजून धडधाकट होती. युक्तिवादाच्या शेकडो पानांपेक्षा या साध्या प्रात्यक्षिकाचे वजन अधिक आहे. तरीही अट कायम राहिली. २०१२ मध्ये पेंग्विनने ओव्हरड्राइव्हशी संबंध तोडले आणि रँडम हाउसने ग्रंथालयांसाठीचे दर काही पुस्तकांच्या बाबतीत तिप्पट केले. सायमन अँड शुस्टर व मॅकमिलन यांची ई-पुस्तके तर २०१३ पर्यंत सार्वजनिक ग्रंथालयांना मिळतच नव्हती. त्यानंतर मोठे प्रकाशक एकामागून एक परतले, परंतु बहुधा ठरावीक मुदत आणि सामान्य ग्राहकाच्या कित्येक पट किंमत घेऊनच. कोलोरॅडोतील डग्लस काउंटी ग्रंथालयांनी याच काळात स्वतःचा सर्व्हर उभारून लहान प्रकाशकांकडून फाइली विकत घेण्याचा धाडसी प्रयोग केला. वाचकांना हवी असलेली बहुतेक गाजलेली नावे मात्र ज्या मोठ्या प्रकाशकांकडे होती, ते त्यात उतरले नाहीत.

संघर्षाचा कळस २०१९ मध्ये झाला. आपल्या ई-पुस्तकांच्या अमेरिकेतील वाचनापैकी ४५ टक्के वाचन ग्रंथालयांतून फुकट होते, असा दावा करून मॅकमिलनने १ नोव्हेंबरपासून नवा नियम लागू केला : पुस्तक निघाल्यापासून पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला, मग ती एका खेड्याची असो वा महानगराची, एकच प्रत मिळेल. पहिल्या दोन महिन्यांतच पुस्तकाची चर्चा सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच काळात ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याला बाहेर ठेवणारा हा नियम सार्वजनिक ग्रंथालयाच्या कल्पनेलाच छेद देणारा होता. सिअ‍ॅटल परिसरातील किंग काउंटी ग्रंथालय-व्यवस्थेने मॅकमिलनची नवी ई-पुस्तके घेणेच थांबवले, इतर अनेकांनी तिचे अनुकरण केले, आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सह्यांची मोहीम चालवली. मार्च २०२० मध्ये मॅकमिलनने नियम मागे घेतला. तेव्हा महासाथीमुळे ग्रंथालयांची दारे बंद होऊ लागली होती, त्यामुळे माघारीचे श्रेय केवळ बहिष्काराला देता येत नाही.

त्या वर्षी ई-पुस्तकांची मागणी अभूतपूर्व वाढली आणि वाद विधिमंडळांत पोचला. जी ई-पुस्तके सामान्य ग्राहकाला विकली जातात ती ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर द्यावीत, असा कायदा मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये केला. कॉपीराइट हा केंद्रीय कायद्याचा विषय असून राज्याला प्रकाशकावर अशी सक्ती करता येत नाही, असे सांगून संघीय न्यायालयाने तो २०२२ मध्ये रद्दबातल ठरवला. युरोपीय न्यायालयाने मात्र २०१६ मध्येच नेदरलँड्समधील एका खटल्यात, एका वेळी एकाच वाचकाला दिलेले ई-पुस्तक छापील पुस्तकाप्रमाणे देवघेवीच्या हक्कात बसू शकते, असे म्हटले होते. मेरीलँडच्या पराभवानंतर इतर राज्यांतील ग्रंथालयांच्या पाठीराख्यांनी मोहरा बदलला. प्रकाशकांवर सक्ती करण्याऐवजी, सार्वजनिक पैशातून ग्रंथालयांनी कोणत्या अटींचे करार करू नयेत, हे ठरवणारी विधेयके ते पुढे आणू लागले.