नंदिनीची चुनखडी आणि परिषदेचे तिकीट

संशोधकाचा प्रवासखर्च ही किरकोळ बाब मानण्याची आपल्याकडे रीत आहे. भिलाईचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही खाणकामगारांची वसाहत. येथील चुनखडी भिलाई पोलाद कारखान्याकडे जाते. झोतभट्टीत तिचा चुना खनिजातील वाळूचा अंश धरून ठेवतो आणि धातुमळीच्या रूपाने वेगळा होतो. या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. (भिलाई तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज मराठी वाचकांच्याही फारसे ध्यानात नसते.) ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दरम्यानच्या काळात तिकडून यंत्रे येत होती, तर इकडून शेकडो भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ सोव्हिएत कारखान्यांत प्रशिक्षणासाठी जात होते. तो प्रवास उभारणीचाच भाग होता. भट्टीचे तापमान पुस्तकात सापडते. ती बिघडू लागल्याची चाहूल मात्र चालत्या भट्टीपाशी, अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच ओळखता येते. तरीही धोका कायमचा टळत नाही. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला.

याच जिल्ह्यात आता आयआयटी भिलाई आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अशा नव्या संस्थेतील विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर काम करू लागला, की त्याच्यापुढे तोच जुना प्रश्न नव्या रूपात येतो. भौतिकशास्त्रात शोधनिबंध नियतकालिकात छापून आला की संशोधक घरी बसला तरी चालते. संगणकशास्त्रात परिषद हेच मुख्य प्रकाशन. निवडलेल्या निबंधासाठी किमान एका लेखकाला नोंदणी करावीच लागते. न्युरिप्स या अग्रगण्य परिषदेचे निकाल साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस लागतात आणि डिसेंबरच्या आरंभी ती भरते. मधल्या दोन-सव्वादोन महिन्यांत व्हिसा, विमानाचे तिकीट आणि पैसा, तिन्ही जमवायचे.

पैशाच्या वाटा आहेत. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना तरुण संशोधकांच्या परिचयाची होती. २०२३ च्या कायद्यानुसार ते मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांची प्रवास अनुदाने आहेत, काही परिषदा स्वतःही मदत देतात. परंतु प्रत्येकाची मुदत निराळी, अटी निराळ्या. निबंध तज्ज्ञांच्या कसोटीला उतरल्यावर विद्यार्थ्याची खरी परीक्षा अर्जांच्या ढिगाऱ्यात सुरू होते.

तो गेला नाही तर काय बिघडते? २०२३ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्रजीतील घातक विनंत्या झुलू, स्कॉट्स गेलिक अशा भाषांत भाषांतरित करून जीपीटी-४ ला दिल्या. इंग्रजीत ठाम नकार देणारी ती प्रणाली अशा अल्पसंसाधन भाषांचा एकत्रित वापर केला असता सुमारे ७९ टक्के विनंत्यांना बळी पडली. छत्तीसगढी, हलबी, गोंडी या भाषांत अशी प्रणाली कशी वागते, हे त्या भाषा कानांवर पडणाऱ्या माणसालाच नीट तपासता येईल. सुरक्षिततेच्या कसोट्या ठरत असताना तो माणूस त्या दालनात नसेल, तर त्याची भाषा त्या कसोट्यांत उतरणार कशी?

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेला मंजुरी दिली. तिच्या सात स्तंभांपैकी एक सुरक्षित व विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सुरक्षा संस्थेची घोषणाही झाली. भिलाईच्या अभियंत्यांना पाठवणे हे पोलादाच्या योजनेतलेच काम होते. या मोहिमेतही निवडलेल्या निबंधाच्या तिकिटासाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि निकालानंतर पंधरवड्याच्या आत तिचे उत्तर मिळावे. मोहिमेच्या एकूण रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे.